रिकाम्या प्रोसेसरचे व्होल्टेज

गेल्या उन्हाळ्यात खुटबावला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला माझीच हकिकत सांगितली. शिरूरमध्ये एका मुलीचा कॉम्प्युटर तिच्या बापाने विजेशी खेळ करून बिघडवला. पुढे तिच्या नवऱ्याने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतले, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. तो बाप मीच, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ताटातली जिलेबी संपवली, पाणी प्यायलो आणि मग त्यांना ते सांगितले.

गृहस्थ जराही वरमले नाहीत. "मग आबा, तुम्ही तरी कशाला हात लावला त्याला?" एवढे म्हणून त्यांनी वाढप्याकडे मठ्ठा मागितला.

हात का लावला, हे पंगतीत सांगण्याजोगे नव्हते. ते येथे सांगतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझ्याविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे अर्धवट आहे, आणि अर्धवट गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा खोडून काढायला अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

माझी सगळी नोकरी दौंडला, रेल्वेच्या विद्युत विभागात झाली. भार चढला की व्होल्टेज किती बसते आणि भार उतरला की किती उसळते, हे मीटरवर पाहणे हेच माझे काम होते. निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटर जोडायला शिकलो. म्हाताऱ्याला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी नादाला लावले, असे रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात म्हटले जाई. व्हिडिओ मी पाहिले, हे खरे आहे. मदरबोर्डबरोबर आलेली माहितीपुस्तिकाही शब्दकोश जवळ घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, हेही तितकेच खरे आहे; ते मात्र कोणी म्हणत नाही.

माझी धाकटी मुलगी शिरूरला दिली आहे. मिशन कंपाउंडच्या मागे तिचे घर. घरात सासू, नवरा आणि ती. लग्नाचे चित्रीकरण जोडून त्याचा सिनेमा करणे हा तिचा व्यवसाय. खत-बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली तिने त्यासाठी भाड्याने घेतली होती. कॅमेरेवाले गावोगावचे चित्रीकरण आणून देत आणि ती एकटी त्या खोलीत बसून त्याची कापाकापी करी, रंग सुधारी, वर संगीत चढवी. काम चांगले होते. अडचण होती ती कॉम्प्युटरची. लोकांना ड्रोनची दृश्ये हवीत, चित्र मोठ्या पडद्यावर सुस्पष्ट दिसेल असे हवे. तिचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा इकडच्या लग्नांत कोणी ड्रोन उडवत नव्हते. सिनेमा जोडून झाला की तो सलग एका फाइलमध्ये काढावा लागतो, आणि ते काढण्यातच तिचे दिवस जात. नवा कॉम्प्युटर घेणे आवाक्याबाहेर होते.

जावई रांजणगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. त्याने त्याच कारखान्याच्या कार्यालयात तिच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. मी त्याला दोष देत नाही. घरात दर महिन्याला दुसरा पगार यावा असे वाटणे हा गुन्हा नव्हे. परंतु मुलीला ती नोकरी नको होती आणि खोलीही सोडायची नव्हती. शेवटी नवराबायकोत ठरले ते असे: राहू गावच्या एका शेतकरी कुटुंबातल्या लग्नाचा सिनेमा तिच्याकडे आला होता. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि त्या दिवशी मांडवात पडदा लावून तो सगळ्या भावकीला दाखवायचा होता. तो वेळेत गेला तर खोली राहील. नाही गेला तर वास्तुशांतीनंतरच्या सोमवारी ती कारखान्यात रुजू होईल. हा करार तिने मला फोनवर सांगितला, तोही एखाद्या गाडीची वेळ सांगावी अशा आवाजात. आणि मग विचारले, "पप्पा, माझ्या मशीनचा वेग वाढवता येईल का?"

हात का लावला, याचे उत्तर एवढेच आहे. तिने विचारले म्हणून.

दोन दिवसांनी ती कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीने दौंडला घेऊन आली. पुढची सीट तिने स्वतःसाठी न घेता त्याच्यासाठी घेतली होती आणि स्वतः मागे उभी होती, असे मी कॉम्प्युटर उतरवून घेत असताना कंडक्टरने मला सांगितले.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचा वाद कळणार नाही. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा जो भाग प्रत्यक्ष हिशेब करतो तो. त्याच्या आत अनेक कोअर असतात. एकेक कोअर म्हणजे एकेक कामकरी समजावा. त्यांना ठरल्यापेक्षा अधिक वेगाने धावायला लावणे याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वेग वाढवायचा तर व्होल्टेज पुरेसे हवे. पण व्होल्टेज वाढले की उष्णता त्याहून जास्त पटीने वाढते, आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच मंद होतो. म्हणून नवशिका व्होल्टेज वाढवत सुटतो आणि आहे तोही वेग गमावून बसतो. माझा मार्ग उलटा होता. मी वेगाची वरची मर्यादा उचलली आणि प्रत्येक कोअरचे व्होल्टेज पायरीपायरीने खाली आणले. कमी व्होल्टेज म्हणजे कमी उष्णता, आणि थंड राहिलेला प्रोसेसर त्या मर्यादेपर्यंत आपण होऊन चढतो. खाली आणता आणता एका ठिकाणी तो कोसळतो. तिथून मागे फिरायचे आणि थोडी जागा राखून थांबायचे.

मी तसेच केले. मग सगळ्या कोअरना एकदम पूर्ण जुंपणारी चाचणी लावली आणि दिवसभर चालू ठेवली. बाहेर स्टेशनात गाड्यांच्या घोषणा होत राहिल्या, आत पंखा एका सुरात घुमत राहिला. एकही चूक आली नाही. मुलीने तिचा एक जुना सिनेमा काढून पाहिला. तो लागायचा त्यापेक्षा खूपच लवकर निघाला. ती म्हणाली, "अरे वा." माझ्या मुलीच्या तोंडून हे शब्द सहसा निघत नाहीत.

ती कॉम्प्युटर घेऊन शिरूरला गेली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी तिचा फोन आला. मशीन मधूनच मरते. पडदा काळा होतो आणि ते आपोआप पुन्हा सुरू होते. एकदा तर फाइल उघडी असतानाच गेले आणि हळदीचा सगळा भाग तिला पुन्हा जोडावा लागला.

यापुढे शिरूरच्या मंडळींनी जे केले ते त्या मुलखातल्या कोणत्याही घरात झाले असते. आमच्याकडे विजेची अडचण म्हणजे भाराची अडचण, हे लहान मुलालाही ठाऊक असते. थ्री-फेज आली की शिवारातल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी ऑटो स्विचवर आपोआप एकदम सुटतात, व्होल्टेज बसते आणि कुठे तरी रोहित्र जळते. तेव्हा कॉम्प्युटर मरतो म्हणजे त्याला वीज कमी पडते, असे त्यांनी गृहीत धरले. सिनेमा काढायला लावला की खोलीतला पंखा बंद. खालच्या दुकानदाराला सांगून त्याचा फ्रीजही बंद. दुकानदार भला माणूस. त्याने गार पाण्याविना दिवस काढले. जावयाने कारखान्यातून जुना स्टॅबिलायझर आणून बसवला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ते मशीनला विसावा देऊ लागले. बराच वेळ चाललेली मोटार थांबवून गार होऊ देतात, तसे दर काही वेळाने मुलगी सगळे प्रोग्रॅम बंद करी, मशीन नुसते चालू ठेवी आणि चहाला उठे. परत येऊन पाही तो पडदा काळा.

"विसावा देते तरी मरतंय," ती मला फोनवर म्हणाली. हे वाक्य मी ऐकले. मी ते कसे ऐकले यावर पुढे वाद झाला, म्हणून येथे नोंदवतो.

दरम्यान जावयाने धीर सोडला आणि माझी सेटिंग पुसून, प्रोसेसरला सरसकट वाढीव व्होल्टेज दिले. आता तो मरेना. पण सिनेमा काढायला लावला की इतका तापे, की स्वतःला आवरून धरी आणि मूळच्या वेगापेक्षाही मागे पडे. वास्तुशांत जवळ आली होती. त्या गतीने राहूचा सिनेमा वास्तुशांत उरकून मांडव सोडला तरी निघाला नसता.

मी शिरूरला गेलो. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत होती. त्या रस्त्याला हंगामात दुसरी चाल नसते. जिना चढून खोलीत शिरलो तेव्हा विहीणबाई तिथेच होत्या. सुनेला चहा-भाकरी पोचवण्याच्या निमित्ताने त्या रोज येत आणि तासभर बसत. वयाने माझ्याच बरोबरीच्या, आवाजाने माझ्यापेक्षा मोठ्या.

"या पाव्हणं," त्या म्हणाल्या. "मशीन बरं कराया आला का आणखी आजारी पाडाया?"

"दौंडला ते ठणठणीत होतं, विहीणबाई. तुमच्या शिरूरची हवा मानवली नसेल."

"आमच्या शिरूरची हवा तुमच्या लेकीला मानवली की! ह्या डबड्याला काय धाड भरली?"

मुलीने आमच्याकडे पाहिलेही नाही. ती राहूच्या लग्नातल्या मुंडावळ्यांचा रंग सुधारत होती.

जावई संध्याकाळी कामावरून आला. मी व्होल्टेजविषयी बोलायला सुरुवात केली तर म्हणाला, "मामा, मूळ दुखणं अर्थिंगचं आहे. खालचा खड्डा पार वाळलाय. काल मी मीठ-कोळसा टाकून चार बादल्या पाणी ओतलंय."

"काल ओतलंस. आणि आज?"

"आज कुठं मेलं?"

"आज ते तुझ्या व्होल्टेजवर आहे. त्यावर ते मरत नाही, फक्त चालत नाही. माझ्या सेटिंगवर लावून पाहू."

मी माझे आकडे परत घातले. मुलीने काम सुरू केले. मशीन उत्तम पळू लागले. सिनेमाचा एक भाग काढायला लावला, तोही निघाला. मग तिने सवयीने सगळे बंद केले आणि विहीणबाईंनी थर्मासमधला चहा कपांत ओतला. आम्ही चौघे कप हातात घेऊन बसलो होतो. पडदा काळा झाला.

"हे बघ," मी जावयाला म्हणालो. "तुझी अर्थिंग कालपासून ओली आहे."

"मीठ मुरायला वेळ लागतो, मामा," तो म्हणाला.

विहीणबाई हसल्या. "अवो, काम हाय तवर चालतंय आन् रिकामं बसलं की मरतंय. रिटायर झालेल्या माणसावानी हाय ते."

"मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, विहीणबाई. अजून आहे."

"तुम्ही कुठं रिकामं बसताय? भांडाया हायेत की रोज कोन ना कोन!"

त्यांचे म्हणणे असे की, खरी गोम त्यांच्या 'रिकामं बसलं की मरतंय' या वाक्यातून मला उमगली. शिरूरमध्ये ही त्यांची आवृत्ती आहे आणि ती त्या दर रविवारी कोणाला तरी ऐकवतात. मी ती मान्य करत नाही. मशीन चहाच्या वेळी मरते हे त्यांनी पाहिले, हे कबूल. ते मुलीनेही पाहिले होते आणि मला फोनवर सांगितले होते. मी शिरूरची एसटी धरली तीच मुळी 'विसावा देते तरी मरतंय' यातला 'तरी' काढून तिथे 'म्हणून' घातला तर काय होईल, हा विचार करत. पाहणे वेगळे आणि निदान वेगळे. ताप आला हे घरातले कोणीही सांगते.

निदान असे होते. सगळे कोअर एकदम कामाला लागले की प्रोसेसर त्यांना बेताच्या वेगाने चालवतो, कारण सगळ्यांची मिळून उष्णता वाढते. त्या वेगाला माझे कमी केलेले व्होल्टेज पुरत होते. दौंडच्या चाचणीत ते दिवसभर पुरले. पण काम संपले, बाकीचे कोअर झोपले आणि एखादे किरकोळ काम निघाले, की ते एकट्या कोअरच्या वाट्याला येते. आता उष्णतेची काळजी नाही, म्हणून प्रोसेसर त्या एकट्याला क्षणभर सर्वांत वरच्या वेगाने पळवतो. मी मर्यादा उचलली होती तो हाच वेग. तिथे कमी व्होल्टेज पुरत नाही. आणि पळवण्यासाठी तो निवडतो तेही त्याच्यातले सर्वांत तरबेज दोन कोअर, ज्यांना प्रोसेसर घडवतानाच मोजके व्होल्टेज ठरवून दिलेले असते. त्यांच्यात कापायला जागा उरलेली नसते. मी सगळ्या कोअरना सारखी कात्री लावली होती. सुरुवात सगळेच अशी करतात. ती पहिली पायरी आहे, चूक नव्हे, आणि त्याविषयी मी कोणाचे काही ऐकून घेणार नाही.

थोडक्यात, त्या खोलीत भाराने काही होत नव्हते. जे होत होते ते भार नसण्याने होत होते. फ्रीज, पंखा, स्टॅबिलायझर, खड्ड्यातले मीठ ही सगळी भाराची औषधे होती. आणि मशीनची दया येऊन त्याला दिलेला विसावा हाच त्याला खाली पाडत होता.

मी हे सांगितले. जावई विचारात पडला. कारखान्यात त्याने भाराशिवाय बिघडणारे यंत्र पाहिले नव्हते. "असं कसं होईल मामा?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. विहीणबाई म्हणाल्या, "मी म्हनलं तेच की," आणि थर्मास आवळून घरी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक कोअर एकेकटा पळवून पाहिला. हे काम कंटाळवाणे आहे. एक कोअर कामाला लावायचा, बाकीचे रिकामे ठेवायचे, मग थांबवायचे, मग पुन्हा लावायचे, आणि पाहत बसायचे. सहा निमूटपणे चालले. दोन पडले. माझा अंदाज होता तेच दोन. त्या दोघांवरची कपात मी निम्म्याहून जास्त मागे घेतली, बाकीच्यांची तशीच ठेवली. मुलीला पंखा लावायला सांगितला. दुकानदाराला खिडकीतून ओरडून फ्रीज चालू करायला सांगितला. त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

मग आम्ही मुद्दाम चहा प्यायलो. मशीन रिकामे बसले आणि मेले नाही. आणखी एकदा प्यायलो. मेले नाही.

आता फक्त पुरावा उरला होता. मी मुलीला म्हणालो, "तासाभरासाठी जुनी सेटिंग परत घालतो. अर्थिंग तर ओलीच आहे. मशीन मेलं की तुझ्या नवऱ्याचं मीठ कायमचं निकालात निघेल."

तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "पप्पा, वास्तुशांत रविवारी आहे. आता एकही प्रयोग नाही."

"पण मग हे लोक म्हणतील—"

"म्हणू द्या. मला काम करू द्या."

मी पुरावा घेतला नाही. तो घेतला असता तर खुटबावच्या पंगतीत मला कोणी माझीच गोष्ट चुकीची सांगितली नसती. तिचे म्हणणे योग्य होते, हे मला त्या वेळीही कळत होते. ते मला पटले होते असे मात्र मी म्हणणार नाही. मी संध्याकाळच्या एसटीने दौंडला परतलो.

राहूचा सिनेमा शनिवारी निघाला. रविवारी मांडवात पडद्यावर चालला. नवरीच्या आजीने हळदीचा भाग दोनदा लावायला सांगितला, असे मला नंतर कळले. तो भाग मुलीने दोनदा जोडला होता हे आजीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सोमवारी सकाळी मुलीने कारखान्याच्या कार्यालयात फोन करून येत नसल्याचे सांगितले. जावयाने कराराला हरकत घेतली नाही. त्याच संध्याकाळी त्याने खोलीच्या दाराला नवी कडी बसवून दिली, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

मात्र मीठ मुरले आणि मशीन चालू लागले, असे तो मित्रांना सांगू लागला. मित्रांपैकी कोणी ते खुटबावला नेले असावे.

त्या पंगतीनंतरच्याच आठवड्यात मी शिरूरला गेलो. हेतू स्वच्छ होता. विहीणबाई आणि जावई दोघेही समोर असताना मुलीच्या तोंडून एकदा खरे काय ते वदवून घ्यावे. खोलीत पोचलो तेव्हा ती एकटीच होती. हंगाम जोरात होता. टेबलावर तीन कॅमेरेवाल्यांच्या पिशव्या पडल्या होत्या. ती काही आणायला खाली उतरली तेवढ्यात मी मशीन पुन्हा सुरू करून बायोस उघडले, म्हणजे जिथे हे सगळे आकडे असतात ते पान. माझे आकडे बघावेत, इतकाच उद्देश.

आकडे माझे नव्हते. त्या दोन कोअरवरची कपात पूर्ण काढलेली होती. वेगाची वरची मर्यादाही मी ठेवली होती त्याहून एक पायरी खाली होती.

ती वर आली. पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पिशवी खाली ठेवली.

"हे कोणी बदललं?" मी विचारले.

"मी."

"कधी?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकदा मेलं होतं. चहाच्या वेळीच."

"म्हणजे राहूचा सिनेमा या आकड्यांवर निघाला?"

"हो."

"मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही आला असता," ती म्हणाली. "मग हे म्हणाले असते मीठ, आई म्हणाल्या असत्या मी सांगितलं होतं, आणि तुम्ही दोघांशी भांडत बसला असता. तुम्ही कारण सांगितलं होतं ना, रिकामं असताना जास्त लागतं म्हणून? मग मी दिलं जास्त. आणि वेग थोडा कमी केला. मला एवढा वेग लागत नाही, पप्पा. मला ते बंद पडायला नको."

मी आकडे पुन्हा पाहिले. दोन्ही बरोबर होते. इतकी जागा राखून थांबायचे असते. मी थोडी कमी राखली होती, कारण मला वेग दाखवायचा होता. तिला काही दाखवायचे नव्हते. काहीही न बदलता मी पान बंद केले आणि मशीन सुरू होऊ दिले.

थोड्या वेळाने विहीणबाई थर्मास घेऊन आल्या, आणि पाठोपाठ, त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे, जावईही आला. मला हवे होते ते सगळे साक्षीदार एकाच खोलीत जमले होते.

"काय पाव्हणं, आज काय काढलं?" विहीणबाईंनी विचारले.

मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"मशीन कोणी दुरुस्त केलं ते सांगायला आलोय," मी म्हणालो.

"ते मिठानं झालं, मामा," जावई म्हणाला. "आता किती दिवस तेच?"

"मिठाने नाही. तुझ्या आईच्या थट्टेनेही नाही. कारण मी शोधलं. आणि त्याच्यावर जे आकडे आज चालू आहेत ते हिचे आहेत, माझे नाहीत."

विहीणबाईंनी कप पुढे केला. "मंजी तुमच्यानं न्हाईच झालं म्हना की," त्या म्हणाल्या.

मी त्यांना कारण आणि आकडे यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. चहा निवेपर्यंत सांगत होतो. त्यांना तो पटला नाही. मुलीने मध्येच कप उचलला, एकही प्रोग्रॅम बंद न करता उठली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. मशीन तिच्या मागे नुसते चालू होते.

हकिकत एवढी आहे. खुटबावच्या गृहस्थांची गाठ पुन्हा कुठल्या तरी लग्नात पडेलच. तेव्हा मी जिलेबी संपण्याची वाट पाहणार नाही.